राहिलेला पाव वळसा

४ फेब्रुवारी

बारक्या,

तुझा पत्ता तुझ्या बायकोने तुझ्या वहिनीला दिला आणि वहिनीने मला. रागवायचं असेल तर त्या दोघींवर रागव. आधी फोनच करणार होतो. पण माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास तर मी पुन्हा करणार नाही, हे मला माहीत आहे आणि तुलाही. पत्र फाडायचं झालं तरी ते आधी हातात घ्यावं लागतं.

कामाचं लिहितो. ती लाल गाडी परत आली आहे.

कुठली ते सांगायला नको. दोन दारांची, आत बसलं की जमिनीवर बसल्यासारखं वाटायला लावणारी आणि उठताना गुडघ्यांचा हिशेब घेणारी. आपण तिचं इंजिन बांधलं त्याला सात वर्षं झाली. हॉटेलवाल्याने आपल्या दारातून ती ट्रकवर चढवून नेली, तेव्हापासून त्याच्या गोदामात ताडपत्रीखाली उभीच होती म्हणे. तो आता गेला. मुलांनी गोदाम रिकामं केलं, त्यात हीसुद्धा निघाली. जुन्या गाड्यांच्या एका दलालाने ती घेतली, अंगावरून पॉलिश फिरवलं आणि इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये मधासारखं जाड तेल ओतून आवाज दाबून टाकला. हा उद्योग तुला ठाऊक आहे. जाड तेलावर खडखडणारं इंजिनसुद्धा आठ-दहा दिवस सभ्य माणसासारखं वागतं.

आता ती चष्म्याच्या दुकानवाल्या एका बाईंकडे आहे. वय अठ्ठावन्न, मुलगा परदेशी, दुकान स्वतःचं. विसाव्या वर्षापासून म्हणे अशी गाडी मनात होती. अकरा दिवस चालवली. बाराव्या दिवशी चढावर टकटक सुरू झाली. त्यांनी रेडिओ बंद करून ऐकलं, गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. एवढी अक्कल माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांना नसते.

त्यांनी विचारलं, "बरं होईल का?" डॉक्टरला विचारतात तसं.

"होईल," मी म्हटलं. "पण गाडीला जेवढे दिलेत त्याहून जास्त इंजिनला लागतील."

त्यांना मी नेहमीचं पुराण ऐकवलं. अशी गाडी जुनी झाली की तिची किंमत उतरते आणि ती हौशी माणसाच्या हाताशी येते. सुट्या भागांची किंमत मात्र एक पैशाने उतरत नाही. क्रँकची घासाई, बेअरिंगं, पंप, परदेशातून मागवायचे बोल्ट, सगळं नव्या गाडीच्या भावाने. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे फ्रेम फुकट आणि काचा महाग. आमच्या धंद्यातही हेच आहे." मला हसू आलं. मग त्यांनी विचारलं, हे इंजिन आधी कोणी बांधलं होतं. मी म्हटलं, कोणीतरी बांधलं असेल, फार वर्षं झाली.

माझं काम एवढंच आहे. या इंजिनाचा कुठला बोल्ट किती आवळायचा ते आकडे तुझ्या निळ्या वहीत आहेत आणि वही तू घेऊन गेलास. ते एक पान उतरवून पाठव. दुसरं काही लिहायला हवं असं नाही.

दादा

१९ फेब्रुवारी

बारक्या,

पान मिळालं. उतरवून पाठव म्हटलं होतं, तू फाडूनच पाठवलंस. पाकीट उलटं करून दोनदा झटकलं, आत आणखी काही नव्हतं. वहिनी म्हणाली, "अहो, पत्र असतं तर पहिल्या झटक्यातच पडलं असतं." मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

तुझं अक्षर अजून तसंच आहे. डाव्या हाताचं, वाऱ्यात झाडं वाकल्यासारखं एका बाजूला गेलेलं.

इंजिन उतरवून स्टँडवर उलटं लावलं. चेंबर काढला तर तळाशी चमचमणारी भुकटी. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या रॉडचं ठीक. तिसऱ्या रॉडचं बेअरिंग चिंधी झालेलं. कारण दोन बोल्टांपैकी एक सैल. अगदी हाताने फिरेल असा नाही, पण लहान पान्याने आरामात फिरला. वहीतल्या आकड्यापर्यंत आवळलेला होता. त्यानंतरचा पाव वळसा त्याला मिळालेलाच नव्हता.

मी हे उघडत होतो तेव्हा बाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना दर बुधवारी दुकान बंद ठेवायची सवय आहे आणि आता बुधवार माझ्याकडे घालवायची लागली आहे. बोल्टांवरच्या रंगाच्या रेघा त्यांना दिसल्या. या कशाच्या, म्हणाल्या. मग सांगावं लागलं की हे इंजिन इथलंच, आमच्या दोघा भावांच्या हातचं. मागच्या खेपेला 'कोणीतरी' म्हणालो होतो त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, फक्त चष्म्यावरून बघितलं.

रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, त्याची टोपी दोन बोल्टांवर, इथपासून आपली पद्धत त्यांना सांगितली. मी आवळायचं. आधी आकड्यापर्यंत, मग पाव वळसा, मग त्या बोल्टावर पिवळी रेघ. त्यानंतर तू यायचंस, सगळे बोल्ट पुन्हा पाना लावून तपासायचेस आणि पिवळीच्या शेजारी पांढरी रेघ ओढायचीस. दोन रेघा झाल्याशिवाय चेंबर लावायचा नाही, मग दारात राजा येऊन उभा राहिला तरी. सांगता सांगता मलाच बरं वाटलं. सात वर्षांत हे कोणाला सांगितलं नव्हतं. एकट्याने काम करणाऱ्याला दोन रंग लागत नाहीत.

बाई म्हणाल्या, "मग या बोल्टावर पांढरी रेघ आहे, म्हणजे तुमच्या भावाच्या नजरेतून सुटलं."

मी मान हलवली. नाही म्हणायला नव्हे. तेव्हा तसंच ठरलं होतं ना आपलं.

तिकडे थंडी आहे का? पाण्याच्या पंपांचं काम कसं चाललंय? पंपात काय, एक मोटर आणि एक पंखा. तुझ्यासारख्या हाताला हे काम म्हणजे गवयाला दारावरची घंटा वाजवायला बसवल्यासारखं आहे. असो. मी बोलून उपयोग नाही.

दादा

५ मार्च

बारक्या,

या बाईंनी मला वैताग आणला आहे.

काल आल्या त्या खिशात भिंग घेऊन. घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं. म्हणाल्या, तुमच्या त्या रेघा पुन्हा बघू द्या. बघा म्हटलं. गाडी तुमची, इंजिन तुमचं, रेघाही तुमच्याच. अर्धा तास वाकून बघत बसल्या. मग म्हणाल्या, "क्रँकच्या टोप्यांवर पिवळी रेघ उजवीकडे कललेली आहे आणि पांढरी डावीकडे. भाऊ डावखुरे आहेत का?"

आहे म्हटलं.

"मग रॉडच्या टोप्यांवर दोन्ही रेघा उजवीकडे कशा कलल्यात? आठही बोल्टांवर?"

मी म्हटलं, बाई, तुम्ही डोळे तपासा, इंजिन माझ्यावर सोडा. जरा चढ्या आवाजात म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. भिंग पुसून डबीत ठेवलं आणि म्हणाल्या, "मला कोणाला पकडायचं नाहीये. माझ्याकडे लोक येतात, तक्त्याच्या ओळी पाठ करून येतात आणि म्हणतात मला सगळं दिसतंय. मी फक्त तक्ता बदलते."

पुढचं नंतर लिहीन. गिऱ्हाईक आलं आहे.

६ मार्च

बारक्या,

गिऱ्हाईक वगैरे कोणी आलं नव्हतं.

काल तुझ्या बायकोचा फोन आला होता, वहिनीला. वहिनीने फोन ठेवला आणि माझ्यासमोर येऊन बसली. सांगितलं की तू घरातून निघताना कुलूप तीन-तीनदा ओढून बघतोस आणि अर्ध्या रस्त्यातून परत येऊन चौथ्यांदा. पंपाचं काम झालं की कोणाला तरी बोलावून 'जरा बघ, मी काही विसरलो नाही ना' म्हणतोस. लेक शाळेला निघाली की तिच्या बुटांच्या नाड्या तू स्वतः दोनदा बांधतोस आणि ती चिडते. वहिनी म्हणाली, "भावोजी आधी असे नव्हते हो." मी म्हटलं, नव्हता. सगळ्या जगात एकच माणूस असा होता की त्याने तपासलं म्हणजे मी झोपायला मोकळा.

तेव्हा आता ऐक. मध्ये थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच, मग हवं ते कर.

त्या आठवड्यात आपल्याकडे तीन इंजिनं होती. तुझी लेक आठ दिवसांची होती, तिला कावीळ झाली होती, आणि तू चार दिवस दवाखाना आणि गॅरेज असा पळत होतास. क्रँक आपण दोघांनी लावला. दुसऱ्या दिवशी तू सकाळी आलास, दुसऱ्या दोन इंजिनांवरचं तपासून दिलंस आणि परत गेलास. लाल गाडीचे रॉड मी दुपारी आवळले, एकट्याने. तू इथे नव्हतासच.

हॉटेलवाला दारात उभा होता. त्याला संध्याकाळी गाडी हवी होती, मला त्याचं गिऱ्हाईक हवं होतं. त्याच्याकडे अशा तीन गाड्या होत्या. पहिल्या दोन रॉडना पाव वळसा दिला. तिसऱ्याच्या एका बोल्टाला दिला. तेवढ्यात फोन वाजला. तुझ्या बायकोचा होता, दवाखान्यातून. बाळाची कावीळ उतरली, उद्या घरी सोडतायत. मी हात पुसले, वहिनीला वर ओरडून सांगितलं, हॉटेलवाल्यालासुद्धा सांगितलं. इतका खूश होतो मी, बारक्या. परत येऊन पाना उचलला आणि चौथ्यापासून सुरू केलं.

पिवळ्या रेघा एकेक बोल्ट झाला की ओढायच्या, त्या मी सगळं झाल्यावर एकदम ओढल्या. आणि मग तुझी बाटली घेऊन पांढऱ्याही ओढल्या. म्हटलं, आजचा दिवस. बारक्याला कशाला दवाखान्यातून बोलवायचं. हे मी तुझ्यावर उपकार केल्यासारखं मनात म्हटलं, ते मला अजून आठवतं.

दोन महिन्यांनी गाडी खडखडत आली. हॉटेलवाला तोंडाला येईल ते बोलत होता. इंजिन उघडू देईना. तपासायचं काम कोणाचं, म्हणाला. मी तुझ्याकडे बोट केलं. मला वाटलं तू म्हणशील, मी त्या दुपारी नव्हतो. मग काय ते बघू. पण तुला त्या आठवड्यातलं काही आठवतच नव्हतं. तू म्हणालास, "असेल दादा. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं." गिऱ्हाइकासमोर, मान खाली घालून. ते वाक्य मी पदरात पाडून घेतलं. त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. तू निळी वही घेऊन निघालास तेव्हाही चाललं असतं. मी मूग गिळून बसलो, आणि नंतर लोकांना सांगताना तुझंच नाव घेतलं. इतक्यांदा घेतलं की काही दिवस मला खरंच वाटायला लागलं.

तू काही विसरला नव्हतास. तुझ्या हातून काही राहिलं नव्हतं. तुझा हात त्या बोल्टांना लागलाच नव्हता.

मला स्वतःची लाज वाटते. हे लिहून झाल्यावर कमी होईल असं वाटलं होतं, होत नाहीये.

दादा

२५ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. ते अपेक्षितच आहे. उत्तर द्यावंस म्हणून लिहिलं नव्हतं, असं म्हणणार होतो, पण तेही खोटं. टपालवाला रोज माझ्या तोंडाकडे बघतो आणि आधीच मान हलवतो.

बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चहा संपवला आणि विचारलं, "भावाला सांगितलंत?" हो म्हटलं. "मग ठीक," म्हणाल्या. मजुरी मी घेणार नाही आणि सुटे भागही माझ्याकडून. त्यावर भांडण झालं. शेवटी बोल्टांचे त्या देणार आणि बाकीचं मी, असा तह झाला. परदेशातून सगळं यायला एकोणीस दिवस लागले. खर्चाचा आकडा वहिनीला सांगितलेला नाही. तू भेटलास तर तूही सांगू नकोस.

आपले क्रँक घासून देणाऱ्या लेथवाल्यालाही सांगितलं. सगळ्यांत आधी तुझं नाव मी त्याच्याच दुकानात उभं राहून घेतलं होतं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. त्याने मशीन बंद केलं, पूर्ण ऐकलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. गेल्या आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी गाड्या दुसरीकडे नेल्या. नेऊ देत.

इंजिन आता बांधायला घेतलं आहे. क्रँक बसला, रॉड बसले. काल आठही बोल्ट आवळले, तुझ्या पानावरच्या आकड्याने, मग पाव वळसा. फोन वर ठेवून आलो होतो. एकेक बोल्ट झाला की पिवळी रेघ. तुझी पांढरी बाटली वाळून दगड झाली होती. नवी आणून स्टँडशेजारी ठेवली आहे. तिचं झाकण मी उघडणार नाही.

इंजिनावर चादर घातली आहे. मला माफ कर असं लिहिण्याची हिंमत नाही. फक्त एवढं सांगतो की तू येऊन तपासलंस तर ते बांधायचं. नाहीतर बाईंना सांगेन की दुसरा चांगला माणूस बघा, उघडं इंजिन उचलून न्या. त्यांना मी याची कल्पना दिली आहे. त्या म्हणाल्या, अडतीस वर्षं थांबले, आणखी थोडं थांबते.

दादा

८ एप्रिल

बारक्या,

मंगळवारी दुपारी मी लेथवाल्याकडे असतो, हे तू विसरलेला नाहीस.

परत आलो तर वहिनी जिन्यात उभी. म्हणाली, भावोजी येऊन गेले. मला वाटलं थट्टा करते. मग तिने सगळं सांगितलं, मी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तिने न कंटाळता पुन्हा पुन्हा सांगितलं. तू किल्ली मागितलीस. शर्ट काढून खुंटीवर लावलास, जुन्याच खुंटीवर. हात धुतलेस. चादर नीट घडी करून ठेवलीस. तासभर आत होतास. चहा दिला तो घेतलास, बिस्किटाला हात लावला नाहीस. माझ्याबद्दल काही बोलला का, मी विचारलं. वहिनी म्हणाली, "म्हणाले, दादाला सांगा टॉर्क पाना तेलात बरबटलाय." बरबटलाय खरा. रात्रीच पुसून ठेवला.

आणि जाताना कुलूप ओढून बघितलंस. दोनदाच, म्हणाली वहिनी. तिने मोजलं.

चादर मी आजच काढली. काल माझी छाती झाली नाही. सात बोल्टांवर पिवळीच्या शेजारी पांढरी रेघ आहे, डावीकडे कललेली. मी हात लावणार नव्हतो, पण एकीवरून बोट फिरवलं. वाळलेली होती.

तिसऱ्या रॉडच्या दुसऱ्या बोल्टावर नाही. बाटलीचं झाकण घट्ट लावून ठेवलेलं आहे, ब्रश धुतलेला आहे, आणि त्या बोल्टावर माझी पिवळी एकटीच आहे.

तू विसरला असशील असं मला एक क्षणही वाटलं नाही. तपासून सोडलास की तपासलाच नाहीस, ते तुझं तुला ठाऊक. मी पाना लावून बघितला. घट्ट आहे. पाव वळसा पूर्ण आहे. त्यात काही राहिलेलं नाही.

आज बुधवार. बाई नवा रुमाल बांधून, गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन आल्या होत्या. बांधून झालं असेल असं त्यांना वाटलं होतं. मी त्यांना बोल्ट दाखवला. त्यांनी भिंग काढलं नाही. मी पांढऱ्या बाटलीकडे बघत होतो आणि त्या माझ्याकडे.

"एक रेघ राहिली आहे," मी म्हटलं. "ती माझी नाही. थांबावं लागेल."

त्यांनी किल्ल्या परत पिशवीत टाकल्या आणि स्टुलावर बसल्या.

चादर पुन्हा घातली आहे. या मंगळवारी मी लेथवाल्याकडे जाणार नाही. तुला तसंच हवं असेल तर कळव, जाईन.

दादा